काऊ दूध देतो का?

सई म्हणाली, "काऊ!" टीचरच्या हातात कार्ड होतं. कार्डावर मान जराशी तिरकी केलेला काळा कुळकुळीत कावळा. सईने तो पाहिला आणि भर बाजारात घरचं माणूस भेटावं तशा आवाजात म्हणाली, "काऊ!" टीचर हसल्या. वीस-बावीस वर्षांची मुलगी, गळ्यात शाळेचं आयकार्ड. "नो बेटा," त्या म्हणाल्या, "काऊ तो आपणने मिल्क आपे ने? तो आ शुं छे?" सईने माझ्याकडे पाहिलं, मग परत कार्डाकडे. जरा थांबून म्हणाली, "कागडो." टीचरच्या भुवया वरच होत्या, हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं पण हलत नव्हतं. मग सई अगदी हळू, विचारल्यासारखं म्हणाली, "कौआ?" तीन झाले. फ्रॉकच्या खिशातून एकेक चिंचोका काढून समोर ठेवावा तसे तिने आपल्याजवळचे सगळे शब्द काढून ठेवले होते. पालकांनी मध्ये बोलू नये असं नर्सरीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर स्पष्ट छापलेलं होतं. तरी मी ओठ फारसे न हलवता म्हटलं, "क्रो." ते तिला ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. टीचरनी कार्ड गड्डीच्या तळाशी सरकवलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं कार्ड काढलं.

मी गप्प बसले.

आज तीन आठवडे झाले, पण ते गप्प बसणं काही अंगावरून उतरत नाही. "मॅडम, आमच्यात कावळ्याला काऊ म्हणतात," एवढं एक वाक्य म्हणायला किती वेळ लागला असता? टीचर स्वतः गुजराती. 'कागडो' तर त्यांच्या घरातलाच शब्द. लहानपणी तो त्याही म्हणाल्या असतील. पण त्यांच्यासमोरच्या कागदावर त्या शब्दासाठी रकाना नव्हता आणि मला त्या खोलीत ती जागा हवी होती, म्हणून दोघी तिथे बसून एका पावणेतीन वर्षांच्या मुलीला तिचाच कावळा चुकलाय असं वाटू देत होतो. तिथून आम्ही बडोद्यातल्या दांडिया बझारला आईकडे निघालो. अकोट्याच्या पुलावर, त्या सोलर पॅनलच्या सावलीत, स्कूटरवर पुढे उभी असलेली सई एकदम मान वळवून म्हणाली, "आई, काऊ दूध देतो?" वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. तिने परत विचारलं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते हं." घरी गेल्यावर ती विसरली. मी नाही विसरले.

सोसायटीत गेलं वर्षभर दुसरा विषय नव्हता. आमचा वासणा-भायली रोड नवा. इमारती नव्या, झाडं अजून काठीला बांधलेली, आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावर दोन-तीन वर्षांचं एक तरी मूल. संध्याकाळी खाली घसरगुंडीपाशी उभ्या असलेल्या आयांचं बोलणं ऐकावं तर नुसत्या तारखा. पहिलीत जायला १ जूनला सहा वर्षं पुरी हवीत, हा नियम गुजरातेत २०२३-२४ पासून लागू झाला आणि पहिलीच्या आधी बालवाटिका आली. तेव्हापासून आम्ही सगळ्या बोटांवर उलटी मोजणी करतो. सहातून एक बालवाटिका, त्याच्या आधी ज्युनिअर, त्याच्या आधी नर्सरी, म्हणजे जूनमध्ये तीन पुरी. सई मार्चची, ती बसते. दुसऱ्या विंगमधल्या एका मुलाचा वाढदिवस ४ जूनचा. त्याची आई एकदा म्हणाली, "डॉक्टर म्हणत होते आठवडाभर आधी करून टाकू, मीच थांबले." ती हे रडवेली होऊन सांगत होती. बाळ पोटात पूर्ण दिवस राहिलं याचं एका आईला वाईट वाटावं, असं काहीतरी आपल्या शहरात होऊन बसलं आहे.

शाळा बघायला गेलो तेव्हा मी भारावले होते, हे लपवणार नाही. पायरीवर चपला काढताना पायाला थंडगार लागलेली फरशी, भिंतीवर खालच्या बाजूला, मुलांच्या उंचीला लावलेले आरसे, बाथरूममधली इवलीशी बेसिनं. आमच्या घरात सईला हात धुवायला अजून पाटावर चढावं लागतं. एका काचेच्या कपाटात तो गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा होता, मोठ्यापासून लहानापर्यंत नीट रचलेला. शेजारी मण्यांच्या माळा, खरखरीत कागदाची अक्षरं. आम्हाला फिरवणाऱ्या बाई 'मॉन्टेसरी' हा शब्द सारखा वापरत होत्या. कपाटाला कुलूप होतं. सई काचेला नाक लावून उभी राहिली आणि तिच्या श्वासाने काच धुरकट झाली, ती एका मावशींनी लगेच पुसली. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत. दिवसभर कामाला जाणाऱ्या आईबापांची, जिन्यांतून हुंदडणारी मुलं होती ती. तेच ठोकळे आता कुलपात होते. फी वर्षाला लाखाच्या घरात, तीही तीन तासांच्या शाळेची. आणि मुलाखतीला कुणी मुलाखत म्हणत नाही, 'इंटरॲक्शन' म्हणतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात १३ वं कलम आहे. प्रवेश देताना मुलांची चाळणी लावायची नाही, असं ते सांगतं. कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांचा, ही नर्सरी, असं कुणी म्हणेल. पण मग तर ती चाळणी आणखीच कोवळ्या मुलांना लागते.

माझ्या नवऱ्याचं, निखिलचं, आणि माझं यावरून वाजलं, पण मोठ्याने नाही. त्याचं म्हणणं मी खोडू शकत नाही आणि तेच मला जड जातं. तो नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत शिकला, पुढे गुजराती माध्यमात. गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळवणारा मुलगा. इंजिनिअर झाला आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेला तेव्हा समोरच्याने विचारलं ते सगळं त्याला येत होतं, फक्त तोंडातून बाहेर निघेना. तो सांगतो, "मला उत्तर दिसत होतं गं, समोर लिहिल्यासारखं. पण वाक्य कुठून सुरू करायचं तेच सापडेना." त्यांनी त्याला पाणी दिलं आणि जा म्हणून सांगितलं. त्यानंतर मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी लागली, आज तो चाळीस माणसं सांभाळतो. पण अजूनही परदेशातल्या लोकांशी फोन असला की आदल्या रात्री तो गॅलरीत उभा राहून पुटपुटत असतो. दारामागून ते पुटपुटणं ऐकलं की माझं काळीज हलतं. सईवर तशी वेळ येऊ नये एवढंच त्याला हवं आहे. "काऊ-चिऊ आपण घरी शिकवू की," तो म्हणाला. "क्रो कोण शिकवणार? आपण दोघं?"

माझी बालवाडी दांडिया बझारातल्या एका वाड्यात होती. फी किती होती ते आईला आठवत नाही, म्हणजे ती आठवण्याजोगी नसावी. लाकडी जिना, जिन्याखाली चपलांचा ढीग, आणि आत शिरताच येणारा ओल्या पाटीचा, मुरमुऱ्यांचा आणि कुणाच्या तरी ओल्या चड्डीचा मिळून एक वास. सुरसागर तलावावरून वारा आला की त्यात शेवाळाचा वास मिसळायचा. आमच्या बाई जाडजूड होत्या, नऊवारी नाही, पण पाचवारीही अशी खोचलेली की नऊवारीच वाटावी. त्या खुर्चीवर बसलेल्या मला कधी आठवतच नाहीत. कायम आमच्यात, सतरंजीवर. त्यांच्याकडे डाळ, राजमा आणि चिंचोके एकत्र करून ठेवलेलं एक ताट असे. आम्ही ते वेगवेगळ्या वाट्यांत निवडायचं आणि निवडून झालं की बाई सगळं परत एकत्र करायच्या. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं, सांडलं तर आपणच फडक्याने पुसायचं. इतकंच. निम्मी मुलं मराठी, निम्मी गुजराती, दोन-तीन सिंधी. बाई मराठीत बोलायच्या, आम्ही ज्याला जे येईल त्यात. मला 'बटाका' आणि 'बटाटा' या दोन वेगळ्या भाज्या वाटायच्या. बाईंनी कधी चूक दाखवली नाही, एक दिवस फक्त दोन्ही हातात दोन बटाटे घेऊन म्हणाल्या, "हा बटाका. आणि हा बटाटा. वास घेऊन बघ." मी दोन्हींचा वास घेतला. अजून आठवतो तो मातीचा वास.

आई सांगायची, बाई तरुणपणी कोसबाडला राहून शिकून आल्या होत्या. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पुढे मुंबईच्या गाडीत बसले की डहाणू-घोलवड आलं की चिकूच्या वाड्यांकडे पाहत राहायचे, आमच्या बाई इथे कुठेतरी होत्या म्हणून. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांची ती जागा. ताराबाई मराठी. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं होतं, तिथे त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर काम केलं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारातून बालशिक्षणात शिरले आणि तिथेच राहिले. गुजरात त्यांना 'मूछाळी मा' म्हणतो, मिशीवाली आई. आमच्या बडोद्यातल्या लोकांना हे दोन्ही बाजूंनी आपलं वाटतं, गिजुभाईही आणि ताराबाईही. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, मग कोसबाडला. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. महागडी साधनं नव्हतीच. बिया, शंख, खडे, पानं, जे त्या अंगणात पडलेलं असेल ते. चिंचोके निवडायचं आमचं ते ताट कुठून आलं असेल ते मला पस्तिसाव्या वर्षी, त्या कुलपाच्या कपाटासमोर उभं राहून कळलं.

मावशीने सुचवलं होतं, विद्यापीठाच्या चेतन बालवाडीत बघ. ती स्वतः गृहविज्ञान शाखेत शिकलेली. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू असताना सुरू झालेली शाखा, हे ती अजून अभिमानाने सांगते. बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या मुलींना तिथे कोपऱ्यात वही घेऊन बसवायचे. "मूल काय करतं ते लिहायचं," मावशी म्हणते, "काय करत नाही ते नाही लिहायचं. मी एकदा लिहिलं, 'मुलगा बोलला नाही.' मॅडमनी खोडून विचारलं, मग त्या वेळात तो काय करत होता?" मावशीला आठवलं की तो मुलगा तेवढा वेळ मुंगीच्या मागे रांगत होता. ते तिने लिहिलं. पण चेतन बालवाडी आमच्या घरापासून बरीच लांब. नोकरी, दोन वेळची ने-आण, निखिलची शिफ्ट. आम्ही ते दोन दिवसांत सोडून दिलं. खरं तर एका संध्याकाळीच.

सईला 'काऊ' आजीने दिला. माझी आजी, म्हणजे सईची पणजी. एक्याण्णव वर्षांची, डोळ्यांनी अधू, पण हात पक्का. मी कामावर जायचे तेव्हा सई दुपारी दांडिया बझारलाच असायची. आजी तिला गच्चीच्या दारात घेऊन बसायची. मऊ भात, त्यात तूप, मेतकूट. "एक घास काऊचा, एक घास चिऊचा." काऊचा घास खरोखर वेगळा काढून कठड्यावर ठेवला जायचा. चिमणी आता आमच्या गल्लीत दिसत नाही, त्यामुळे चिऊचा घास सईच्याच पोटात जायचा. पण कावळा यायचा. रोज, बाराच्या सुमाराला, कठड्यावर. आजीला तो दिसायचा नाही, नखांचा आवाज ऐकू यायचा. "आला गं तुझा काऊ," ती म्हणायची. सईने आयुष्यात 'आई'नंतर म्हटलेला दुसरा शब्द 'काऊ' आहे. बाबा तिसरा. निखिलने ते मोठ्या मनाने सोसलं.

आजी भाद्रपदात गेली. दहाव्याला आम्ही चांदोदला गेलो. नर्मदा फुगलेली, पाणी गढूळ, घाटाच्या वरच्या पायऱ्यांना चिकटलेला गाळ. पिंड ठेवला. झाडावर कावळे बसलेले, हवे तेवढे. पण खाली एकही उतरेना. असं झालं की काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते आठवायचं आणि शब्द द्यायचा. काका म्हणाले, घर विकणार नाही. आई म्हणाली, तुझी तुळस मी सांभाळीन. आत्या काहीतरी दागिन्यांचं बोलली. पावणेदोन तास गेले. डोक्यावर ऊन आलं. मग सगळे एकदमच बोलायला लागले, ज्याला जे सुचेल ते, आणि त्या गलक्यात मीही म्हटलं, आजी, सई तुझ्यासारखं बोलेल. आणि कावळा उतरला. कुणाच्या शब्दाला तो शिवला हे कुणालाच कळलं नाही, कारण सगळेच बोलत होते. गाडीत परतताना प्रत्येकजण मनात धरून होता की तो आपलाच शब्द असणार. मीही धरलं होतं.

आता कळलं असेल तुम्हाला, ते कार्ड पाहून माझ्या पोटात काय झालं असेल.

बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाला एक मुलाखत पाठ असते. १८७५ सालची. बडोद्याच्या गादीवरून मल्हाररावांना पायउतार केलं होतं, महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता. नाशिककडच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या घराण्यातली मुलं बोलावली होती. तुम्ही इथे कशाला आलात, असं विचारल्यावर बाकीच्यांनी काहीबाही सांगितलं आणि बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. माझ्या बाबांनी ही गोष्ट मला शंभरदा सांगितली असेल, प्रत्येक वेळी गोपाळच्या उत्तरापाशी त्यांचा आवाज वर जायचा. मी त्या उत्तरावर खूश व्हायचे. आता गोष्टीतली मागची बाजू दिसते. बारा वर्षांच्या त्या शेतकऱ्याच्या पोराला तेव्हा अक्षरओळखही धड नव्हती. त्याने जे सांगितलं ते आपल्या बोलीत सांगितलं असणार आणि समोरच्यांना ते कळलं. त्याला काय येत नाही ते कुणी मोजलं नाही. ते पुढे शिकवलं. इलियट साहेबाला शिक्षक नेमलं. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळं त्यानंतर. आणि उशिरा शिकलेला तो मुलगा सयाजीराव झाला आणि १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात, १९०६ मध्ये सबंध संस्थानात त्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड व्हायचा. याच गावात. त्याच सयाजीरावांच्या पुतळ्याला वळसा घालून मी शाळेचा डिमांड ड्राफ्ट काढायला बँकेत गेले.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहावी की नाही याचा मी चार दिवस विचार केला. 'कागडो' सईला शारदाबेनच्या हार्दिककडून मिळाला. शारदाबेन आमच्याकडे भांडी-फरशीला येतात आणि सुट्टीच्या दिवशी हार्दिक त्यांच्याबरोबर येतो. सईहून दोन महिन्यांनी मोठा. दोघं गॅलरीच्या जाळीला तोंड लावून उभे राहतात, तो "कागडो!" म्हणतो, ती "काऊ!" म्हणते, मग दोघं अदलाबदल करतात. तो काऊ, ती कागडो. हसून हसून लोळतात. हार्दिक त्यांच्या वस्तीतल्या अंगणवाडीत जातो. एका खोलीत सगळी मुलं, सकाळी नाश्ता, भिंतीवर रंगवलेली फळं आणि प्राणी. मागच्या आठवड्यात फरशी पुसता पुसता शारदाबेन म्हणाल्या, "भाभी, सईनी स्कूल सारी छे ने? केटली फी छे?" मी निम्मा आकडा सांगितला. तो निम्मा आकडासुद्धा ऐकून त्या क्षणभर टाचांवर बसल्या, मग म्हणाल्या, "सारुं, सारुं. भणशे तो आगळ वधशे," शिकेल तर पुढे जाईल, आणि परत पुसायला लागल्या.

आजी चिऊ-काऊची गोष्ट सांगायची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दाराशी येतो. चिऊताई चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. सगळ्या मुलांना ती गोष्ट चिऊच्या बाजूने सांगतात, पण लहानपणी मी कायम दाराबाहेर, काऊजवळ असायचे. पावसात. मला चिऊचा राग यायचा. आता मी सईला ती गोष्ट सांगते तेव्हा माझ्या लक्षात येतं की चिऊ काही खोटं सांगत नाहीये. बाळाला खरंच न्हाऊ घालायचं असतं, तीट खरंच लावायची असते. त्यात वेळ जातो. आणि बाहेर पाऊस पडतच असतो.

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. सिलेक्ट झाली. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी जिन्यात जाऊन निखिलला फोन केला आणि बोलता बोलता मला रडू आलं. तोही पलीकडे गप्प झाला. संध्याकाळी येताना त्याने लीलो चेवडो आणि पेढे आणले. शेजारी वाटले. त्या आनंदात खोट नव्हती, आणि तो आनंद आठवला की आजही मला कसंतरी होतं. दोन्ही खरं आहे.

फी भरायला गेले तेव्हा मी ठरवून गेले होते. पावती घेतली आणि त्या टीचरना भेटायचं आहे म्हटलं. त्या बाहेर आल्या, हातात कागदी मुकुटांचा गठ्ठा. मी म्हटलं, सई, तीन आठवड्यांपूर्वी, ती कावळ्याचं कार्ड होतं बघा, ती काऊ म्हणाली ते गाईला नाही म्हणाली, आमच्या मराठीत लहान मुलं कावळ्याला काऊ म्हणतात, ती बरोबर होती. हे सगळं मी एका दमात बोलले, छातीत धडधडत होतं. टीचर माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काही आठवेना. त्या दिवशी किती मुलं येऊन गेली असतील. "ओके मॅम, नो प्रॉब्लेम," त्या अगदी मनापासून, मला धीर द्यावा तसं म्हणाल्या, "एडमिशन तो थई गयुं ने?" मी म्हटलं, हो, झालं. मुकुटांतला एक खाली पडला, तो मी उचलून दिला. त्या तशा गोड आहेत. जूनमध्ये सई त्यांच्याच वर्गात असणार आहे, आणि मला वाटतं सईला त्या आवडतील.

उत्तरायण होऊन गेली. आमच्या बाजूची झाडं, तारा, टाक्या, सगळीकडे अजून पतंगांच्या चिंध्या लटकतायत. या दिवसांत पक्षी कमी दिसतात, मांजाने पुष्कळ जातात. काल रविवारी दुपारी मी सईला भरवायला बसवलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिची स्टीलची वाटी घेऊन आली. "दूध दे." मी म्हटलं, जेवताना दूध कशाला? "काऊला." मी म्हटलं, काऊला भात देऊ या ना, आजी द्यायची तसा. तिने मान हलवली. "काऊ दूध देतो ना? मग त्याला भूक लागते." तीन आठवडे ते तिच्या डोक्यात होतं तर. स्वतःच फिरवून फिरवून तिने ते असं लावून घेतलं होतं.

मी दूध दिलं. तिने दोन्ही हातांनी वाटी धरून गॅलरीच्या कठड्याजवळच्या स्टुलावर ठेवली, थोडं सांडलं, फडकं आणून पुसलं. आम्ही दोघी दाराच्या आत उंबऱ्याशी बसलो. बराच वेळ काही झालं नाही. दुधावर साय धरायला लागली. मग नखांचा आवाज आला. पत्र्यावर खडे पडावेत तसा. कावळा कठड्यावर होता, एका पायाला मांज्याचा गुलाबी तुकडा गुंडाळलेला, बोटभर लांब. त्याने मान तिरकी करून वाटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि चोच बुडवली. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते मला माहीत नाही, त्याचं नाव की तिचं. सईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"शू," ती म्हणाली. "बोलू नको. तो पितोय."